कुंडीतल्या निवडुंगाला ऊन किती, कधी आणि कसं द्यावं

निवडुंग म्हटला की टळटळीत उन्हात ठेवून द्यायचा, असा सरसकट समज आहे. रोपवाटिकेतून आणलेली रोपं पहिल्याच आठवड्यात भाजतात ती यामुळेच. उलटी चूक टेबलावर होते. शोभेचं छोटं गोल रोप खोलीच्या मध्यात ठेवलं जातं, दोन-तीन महिने छान दिसतं आणि मग त्याचा शेंडा निमुळता होत वर निघतो. या दोन चुकांचा वेग सारखा नाही. जास्त उन्हाचा डाग एका दुपारीही पडतो. कमी उन्हाचं नुकसान दिसायला महिने जातात आणि तोवर घरातले लोक रोप वाढतंय म्हणून खूश असतात. त्यामुळे किती तास ऊन द्यायचं हे विचारण्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: हा निवडुंग कोणत्या गटातला आहे, आणि गेले काही आठवडे तो कसल्या प्रकाशात होता. दुसरी गोष्ट लोक विचारातच घेत नाहीत, आणि बहुतेक रोपं तिथेच बिघडतात.

आधी गट ओळखा

वाळवंटातले निवडुंगसुद्धा जन्मापासून उघड्या उन्हात नसतात. अमेरिका-मेक्सिकोतल्या सोनोरा वाळवंटातला सग्वारो हा उंच निवडुंग पूर्ण वाढला की १२ मीटरच्या वर जातो, पण त्याची रोपं सुरुवातीची कितीतरी वर्षं पालो व्हर्डेसारख्या झाडांच्या सावलीत काढतात. मॅमिलेरिया आणि जिम्नोकॅलिशियमच्या बऱ्याच जाती आयुष्यभर गवताच्या, झुडपांच्या किंवा दगडांच्या आडोशाला राहतात.

जातीचं नाव माहीत नसलं तरी अंदाज बांधता येतो. रोप हातभर अंतरावर धरा आणि आधी काय नजरेत भरतं ते पाहा: काटे आणि लव, की हिरवं अंग? दाट काटे आणि पांढरी लव ही रोपाची स्वतःची सावली असते. अंग जितकं उघडं आणि हिरवं, तितकं ऊन बेताचं.

गोल्डन बॅरल, फेरोकॅक्टस, ओपन्शिया म्हणजे फड्या निवडुंग, पांढऱ्या केसांचा सेफॅलोसेरियस, दाट पांढऱ्या काट्यांचे मॅमिलेरिया आणि उंच वाढणारे सेरियस हे पहिल्या गटातले, उन्हाचे भोक्ते. सरावल्यावर यांना रोज सहा तास किंवा त्याहून जास्त थेट ऊन चालतं, त्यात दुपारचं असलं तरी. सेरियसचं अंग बरंच उघडं असतं, म्हणजे वरच्या नियमाला तो अपवाद. पण तो फक्त सराव झाल्यावर.

दुसरा गट: हिरवं अंग स्पष्ट दिसतं असे जिम्नोकॅलिशियम, रेब्युशिया, पॅरोडिया, एकिनॉप्सिस आणि कमी काट्यांचे मॅमिलेरिया यांना सकाळचं तीन-चार तास ऊन आणि पुढे गाळलेला प्रकाश पुरतो. घरात येणारी बहुतेक छोटी गोल रोपं याच गटातली असतात.

तिसरा गट जंगलातला. ख्रिसमस कॅक्टस म्हणून मिळणारा श्लुम्बर्गेरा, लोंबणारा रिप्सालिस, आणि आपल्याकडे ब्रह्मकमळ या नावाने लावलं जाणारं एपिफायलम हे सगळे झाडांच्या फांद्यांवर, पानांच्या सावलीत वाढणारे निवडुंग आहेत. सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास मिळालं तर उत्तम, बाकी दिवस उजेडाची सावली. दुपारच्या उन्हात यांची पानासारखी चपटी खोडं आधी लालसर, मग पिवळी पडतात.

लाल, पिवळ्या, केशरी गोळ्यांचे कलमी निवडुंग वेगळे मोजायचे. त्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नसतं. त्याचं पोट खालचा हिरवा खुंट भरतो, आणि तो खुंट बहुधा ड्रॅगनफ्रूटच्या जातकुळीतला असतो. प्रकाश खुंटाला मिळायला हवा आणि गोळा भाजता कामा नये. म्हणून सकाळचं तासभर ऊन आणि नंतर उजेडाची सावली.

जागेचं ऊन मोजा

खोलीत लख्ख उजेड आहे असं आपल्याला वाटतं, कारण डोळा अंधाराशी पटकन जुळवून घेतो. निवडुंगाला ती सोय नाही. भर दुपारच्या थेट उन्हात साधारण १ लाख लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) प्रकाश असतो, बाहेरच्या मोकळ्या सावलीत १० ते २० हजार, आणि दिवसा खोलीच्या मध्यभागी जेमतेम काही शे. खिडकीच्या कट्ट्यावरून कुंडी मीटरभर आत सरकवली की निम्म्याहून जास्त प्रकाश जातो. त्यामुळे उन्हाच्या भोक्त्या निवडुंगाची घरातली जागा खिडकीच, टेबल नव्हे. मोबाईलवरच्या लक्स मोजणाऱ्या अॅपचा आकडा अचूक नसतो, पण दोन जागांची तुलना करायला तो पुरेसा आहे. मोबाईलचा पडदा वर करून, रोपाच्या उंचीवर धरून मोजा. काटेरी गोल निवडुंगाचा आकार टिकायचा असेल तर रोज चार ते सहा तास २५-३० हजार लक्सच्या वर आकडा जायला हवा, हा कामचलाऊ हिशोब.

मोबाईल नसला तरी हात आहे. कुंडीच्या जागी कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर पंजा धरा. बोटांच्या कडा कापल्यासारख्या स्पष्ट दिसल्या तर थेट ऊन. बोटं ओळखू येतात पण कडा विरलेल्या असतील तर गाळलेला प्रकाश. नुसता अंधुक ठिपका दिसत असेल तर तिथे जंगली गटातला निवडुंगही जेमतेम तगेल.

यानंतर एक दिवस घरी काढून सकाळी ७ ते संध्याकाळी ६ दर तासाला पाहा आणि कुंडीवर थेट ऊन आहे की नाही ते लिहा. तासांची बेरीज तीन भागांत करायची: ११ च्या आधीचे, ११ ते ३ मधले आणि ३ नंतरचे. नुसते "पाच तास" काही सांगत नाहीत. सकाळच्या पाच तासांत जिम्नोकॅलिशियम फुलेल, आणि तेच पाच तास दुपारी १२ नंतरचे असतील तर भाजेल.

फरक उष्णतेमुळे पडतो. दुपारपर्यंत हवा, कुंडी, फरशी आणि भिंत तापलेली असते. इतर झाडं पानांतून पाणी सोडून अंग गार ठेवतात. निवडुंगाची रंध्रं, म्हणजे सालीवरची सूक्ष्म छिद्रं, दिवसा बंद असतात, त्यामुळे त्याचं अंग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. ही रंध्रं रात्री उघडतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वापरला जातो. हे साठवण्याचं काम गार रात्रीत चांगलं होतं. पश्चिमेची भिंत सूर्य मावळल्यावरही तासन् तास उष्णता सोडत राहते, म्हणून भिंतीला चिकटवलेल्या कुंडीचं दुहेरी नुकसान होतं. भिंतीपासून हातभर पुढे ओढली तरी फरक पडतो.

दिशेबद्दल थोडक्यात: पूर्वेची खिडकी जवळपास सगळ्यांना मानवते. पश्चिमेची फक्त पहिल्या गटाला, तीही हवा खेळती असेल तर. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात तिरपं ऊन खोल आत येतं, उन्हाळ्यात मात्र सूर्य डोक्यावरून जातो आणि छज्जा ऊन अडवतो. म्हणजे नेमकं वाढीच्या दिवसांत ती जागा अंधारते. दक्षिण गोलार्धात हेच उत्तरेच्या खिडकीला लागू. हा तासांचा हिशोब म्हणूनच वर्षातून निदान दोनदा करावा. मच्छरजाळी, रंगीत काच, धुळीने माखलेली काच बराच प्रकाश खातात. काच पुसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि लोक तो सोडून दिवे विकत घेतात.

उन्हाला सरावण्याचं वेळापत्रक

खिडकीत दिवसभर ऊन घेणारं रोप बाहेर तेवढंच ऊन सहज सोसेल असं वाटतं. सोसत नाही. साध्या काचेतून दिसणारा प्रकाश बहुतेक सगळा येतो, पण अतिनील किरणांपैकी त्वचा जाळणारा भाग काचेत अडतो. रोपवाटिकेतली रोपंही बहुतेक शेडनेटखाली वाढलेली असतात. दोन्ही रोपांच्या सालीला उघड्या उन्हाची सवय नसते, ती लावावी लागते.

१. कुंडी हलवण्याआधी, रोपाची जी बाजू उजेडाकडे होती त्या बाजूला कुंडीवर पेन्सिलीने खूण करा. नव्या जागी तीच बाजू उन्हाकडे ठेवा. सावलीत राहिलेली पाठ एकदम उन्हाकडे वळली की हमखास भाजते.

२. पहिले तीन-चार दिवस बाहेर, पण उजेडाच्या सावलीत. थेट ऊन अजिबात नाही.

३. पाचव्या दिवसापासून सकाळचं पहिलं ऊन एक तास. दर तीन दिवसांनी एक तास वाढवा, पण ११ च्या पुढे जाऊ नका. दोन आठवड्यांत चार तासांवर याल. दुसऱ्या गटातल्या रोपांसाठी इथेच थांबायचं.

४. पहिल्या गटासाठी पुढचे दोन आठवडे दुपारचं ऊन ३५ ते ५० टक्के ऊन अडवणाऱ्या शेडनेटखालून द्या. नेट रोपापासून हात-दीड हात वर बांधा, म्हणजे मधून हवा जाईल. नेट नसेल तर पातळ पांढऱ्या कागदाचा एक थर काट्यांवर टोपीसारखा अडकवून ठेवला तरी काम भागतं. शेंडा आणि वरचे खांदे झाकले गेले की पुरे.

५. पाचव्या आठवड्यात ढगाळ दिवस बघून नेट काढा. ऐन उष्णतेच्या लाटेत हे करू नका, आठवडाभर थांबा.

या काळात दर संध्याकाळी उन्हाकडच्या बाजूचा वरचा खांदा पाहा. रंग जरा फिकट, तकाकी गेलेला वाटला की वेळापत्रक तिथेच रोखून दोन पायऱ्या मागे या. फिकटपणा इथेच थांबला तर रंग परत येतो; पांढरा डाग पडल्यावर येत नाही.

नुकतीच कुंडी बदललेलं रोप सात ते दहा दिवस थेट उन्हात नेऊ नका. मुळं नसलेला किंवा पाण्याअभावी सुरकुतलेला निवडुंग तर मुळीच नको. तो गेलेलं पाणी भरून काढू शकत नाही. बियांपासून केलेली रोपं पहिलं वर्षभर गाळलेल्या प्रकाशात वाढवा. ती तपकिरी-लाल होऊन वाढ थांबली तर प्रकाश जास्त होतोय.

कुंडी आणि पाणी

उन्हाचा विचार करताना लोक खोड पाहतात आणि मुळं विसरतात. सरावलेल्या वाळवंटी निवडुंगाचं खोड ५० अंश सेल्सियसच्या पुढेही तगतं. मुळांची तेवढी सहनशक्ती नाही, आणि जमिनीत त्यांना तशी वेळही येत नाही. सात-आठ सेंटिमीटरच्या काळ्या प्लॅस्टिक कुंडीत मात्र उन्हाकडच्या बाजूची माती इतकी तापते की त्या भिंतीला टेकलेली बारीक मुळं मरतात. खोडावर एकही डाग नसताना भर उन्हाळ्यात वाढ का थांबली याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. छोटी कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत बारीक खडी भरा. किंवा छोट्या कुंड्या एकमेकींना चिकटवून मांडा आणि कडेच्या रांगेला उन्हाच्या बाजूने फळी किंवा वीट लावा.

ऊन आणि पाणी एकत्रच वाढवायचं, एकत्रच घटवायचं. पूर्ण उन्हातली लहान कुंडी आठवड्यात सुकत असेल तर तीच खिडकीत दोन-तीन आठवडे ओली राहते. कमी उजेड, ऊब आणि भरपूर पाणी हे तिन्ही जमलं की रोप फिकट, मऊ, लांबट वाढतं आणि कुजायलाही टेकतं. जागा कमी उजेडाची असेल आणि बदलता येत नसेल तर पाणी तोडा. अशा जागी कोरडा ठेवलेला निवडुंग जागच्या जागी थांबून राहतो, आणि विकृत वाढण्यापेक्षा थांबलेला बरा. उन्हाळ्यात पाणी संध्याकाळी द्या आणि शेंड्याच्या खळग्यात साचू देऊ नका.

रोप काय सांगतंय

शेंडा वाचायला शिकलात की तास मोजायची गरज उरत नाही. नवीन काटे फक्त शेंड्यातून येतात, त्यामुळे गेल्या काही आठवड्यांचा हिशोब तिथेच लिहिलेला असतो. भिंग घेऊन वरच्या दोन ओळींची तुलना खालच्या ओळींशी करा. नवे काटे जुन्यांइतकेच जाड, रंगदार आणि तितक्याच दाटीने येत असतील तर ऊन बरोबर आहे. काटे बारीक, आखूड, फिके आणि दोन पुंजक्यांमधलं अंतर वाढलेलं असेल तर ऊन कमी पडतंय. खोडाचा आकार बिघडण्याच्या कितीतरी आधी हे दिसतं.

त्यानंतर गोल रोप वरून पेन्सिलीला टोक काढल्यासारखं होतं, सेरियसची मान बारीक होते, ओपन्शियाची फडी रुंद होण्याऐवजी बोटासारखी अरुंद निघते. हे लांबलेलं अंग पुन्हा कधीही जाड होत नाही. ऊन वाढवल्यावर पुढची वाढ सुधारते, पण मधली बारीक मान तशीच राहते, आणि उंच जातींत वरचं वजन वाढलं की तिथून मोडते. सेरियस किंवा ओपन्शिया असेल तर वाढीच्या हंगामात बारीक भागाच्या वर स्वच्छ सुरीने कापा, काप सावलीत सात ते दहा दिवस सुकवा, खडीमिश्रित कोरड्या मातीत टेकवा आणि मुळं धरेपर्यंत थेट ऊन देऊ नका. गोल जातींत मी सहसा सुरी लावत नाही; कुरूप दिसलं तरी रोप जगतं आणि बगलेतून पिल्लं देतं. लांबलेलं रोप सुधारायच्या घाईत एकदम उन्हात नेणं ही पुढची चूक: ती नवी साल सगळ्यात नाजूक असते.

उन्हाचा चट्टा एक ते तीन दिवसांत उमटतो. आधी पांढरट किंवा वाळक्या गवताच्या रंगाचा, नंतर तपकिरी, कोरडा, कडक. तो नेहमी उन्हाकडच्या बाजूलाच असतो, आणि हीच त्याची ओळख. तळापासून सगळ्या बाजूंनी सारखा वर चढणारा बुचासारखा तपकिरी थर हे वयाचं लक्षण आहे, तिथे काही करायचं नाही. शेंड्याजवळ गंजासारखी बारीक खरखरीत नक्षी आणि कधी बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. ही कीड कोरड्या, कोंदट, गरम खिडकीत वाढते, सावली करून जात नाही. बोथट काडीने दाबून पाहा: चट्टा कडक लागतो, कुज मऊ लागते आणि पसरते.

भाजलेलं रोप लगेच उजेडाच्या सावलीत न्या. डाग कापू, खरवडू नका, वर तेल किंवा हळद लावू नका. मेलेली साल हेच आतल्या भागाचं झाकण असतं. डाग जाणार नाही, पण नवी वाढ वरून येत राहते आणि तो वर्षांमागून वर्षं खाली सरकतो. डाग लपवायला कुंडी अर्धी फिरवू नका, कारण मग न सरावलेली पाठ उन्हाकडे येते.

लालसर किंवा जांभळट झाक प्रत्येक वेळी धोक्याची नसते. शेंडा वाढत असेल, अंग टणक असेल तर रोप उन्हाशी जुळवून घेतंय. तीच झाक वाढ थांबून, अंग आक्रसून आली असेल तर सावली करा.

फिरवणं आणि ऋतू

खिडकीतली कुंडी दर दोन आठवड्यांनी पाव फेरा फिरवा, म्हणजे रोप एका बाजूला कलणार नाही. श्लुम्बर्गेराला कळ्या दिसायला लागल्या की फिरवणं, हलवणं बंद; उजेडाची दिशा बदलली की तो कळ्या टाकतो. त्याच्या कळ्या धरण्याचा संबंध अंधाराशी आहे. शरद ऋतूत सहा आठवडे रोज १३-१४ तास सलग अंधार आणि गारवा मिळायला हवा. ज्या खोलीत रात्री दिवा जळतो तिथे तो न फुलण्याचं कारण बहुतेक तोच दिवा.

पावसाळ्याच्या किंवा धुक्याच्या लांब पट्ट्यानंतर लख्ख ऊन पडलं की वर्षानुवर्षं बाहेर असलेली रोपंही भाजतात, कारण तोवर सराव सुटलेला असतो. अशा वेळी पहिले चार-पाच दिवस दुपारी ११ ते ३ नेट ओढा. हिवाळ्यात रेब्युशिया, मॅमिलेरिया यांना जास्तीत जास्त ऊन, गारवा आणि जवळपास शून्य पाणी द्या. वसंतातली फुलं यावरच ठरतात.

खिडकीच नसेल तर

पांढरा एलईडी, ५००० ते ६५०० केल्विनचा (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), रोपाच्या शेंड्यापासून २० ते ३० सेंटिमीटरवर लावा आणि टायमरवर रोज १२ ते १४ तास चालवा. उरलेल्या वेळात पूर्ण अंधार हवा. रंध्रं रात्रीच उघडतात, तेव्हा दिवा चोवीस तास चालू ठेवला तर तोटाच होतो. टेबललॅम्पचा साधा बल्ब उजेड दाखवतो, पण रोपाचं त्यात भागत नाही. दिव्याखाली हाताची पाठ शेंड्याच्या उंचीवर दोन मिनिटं धरा. ऊब जाणवली तर दिवा वर घ्या. महिन्याभराने भिंगातून नवे काटे पाहा: बारीक निघत असतील तर दिवा पाच सेंटिमीटर खाली, शेंडा फिकट किंवा पिवळट होत असेल तर तेवढाच वर. दिव्याखाली वाढलेलं रोप बाहेर न्यायचं झालं तर वेळापत्रक पहिल्या पायरीपासून सुरू करा.